दुपारी डोकं वर काढणारा साइडबँड : भुसावळच्या एका घरगुती ट्रान्समीटरचं प्रकरण

तक्रार अशी होती. भुसावळच्या एका हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, घरी बांधलेल्या ट्रान्समीटरवरून ७१०० किलोहर्ट्झवर गप्पा सुरू झाल्या, की ७१०३ वर बसलेल्या मंडळींना कोणीतरी उलट्या सुरात बडबडतंय असं ऐकू यायचं. शब्द एकही कळत नसे. जाड आवाज पातळ होऊन यायचा आणि पातळ आवाज जाड. सकाळच्या गप्पांत हा त्रास नसे. जेवणानंतर, पत्रे तापले की सुरू व्हायचा. आणि हे सगळं मे महिन्यात, म्हणजे भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या दिवसांत.

ट्रान्समीटरचे मालक रेल्वेच्या सिग्नल-टेलिकम्युनिकेशन खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे असं काही अडलं की नानांचा फोन येतो. या वेळी ते वैतागलेलेच होते. "सर, सकाळी ब्यॅलन्स लावतो, दुपारी पुन्हा तेच. हे यंत्र काय करू राहिलं?"

आवाज कॅरिअरवर, म्हणजे मूळ रेडिओ लहरीवर, चढवला की तिच्या वर आणि खाली वारंवारितांचे दोन पट्टे उमटतात, ते साइडबँड. ४० मीटर बँडवर, म्हणजे आपल्याकडे ७००० ते ७२०० किलोहर्ट्झमध्ये, बोलण्यासाठी खालचा साइडबँड वापरतात. ७१०० वर कॅरिअर धरला, तर नानांचा आवाज साधारण ७०९७ ते ७०९९.७ मध्ये असायला हवा आणि कॅरिअरच्या वरच्या बाजूला शांतता हवी. पण वरचा साइडबँड पुरता मारला गेला नाही, तर त्यांचा ३०० हर्ट्झचा सूर ७१००.३ वरही उमटतो. ७१०३ वर खालच्या साइडबँडने ऐकणाऱ्याला तो २७०० हर्ट्झचा ऐकू येतो. उलटी बडबड ती हीच. तिला 'थोडीशी गळती' म्हणून सोडून देता येत नाही. नाना शेजाऱ्याकडे एस-नऊ (सिग्नल-मीटरवरची जोरकस सिग्नलची खूण) अधिक वीस डेसिबेलने पोचत असतील आणि नको असलेला साइडबँड फक्त २० डेसिबेलने दाबलेला असेल, तर ती बडबड त्या शेजाऱ्याच्या मीटरवर चांगली एस-नऊ दाखवते. भांडण व्हायला तेवढं पुरतं.

आता यंत्राची रचना. हा साइडबँड काढून टाकायचा सर्रास वापरला जाणारा मार्ग म्हणजे क्रिस्टल फिल्टर. हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बांधायचा रेडिओ आपल्याकडे घरोघरी बांधला गेला, त्यात तोच आहे : दोन्ही साइडबँड तयार करायचे आणि चाळणी लावून एक अडवायचा. नानांनी दुसरी वाट धरली, ती फेझिंगची. राल्फ हार्टली यांना या पद्धतीचं पेटंट १९२८ साली मिळालं. यात चाळणी नसतेच. आवाजाच्या दोन प्रती करायच्या, एकमेकींपासून ९० अंश हटलेल्या. कॅरिअरच्याही तशाच दोन प्रती. एक जोडी एका बॅलन्स्ड मॉड्युलेटरमध्ये गुणायची, दुसरी दुसऱ्यात, आणि दोन्हींचे आउटपुट बेरजेला किंवा वजाबाकीला लावायचे. एक साइडबँड उरतो, दुसरा स्वतःलाच खाऊन टाकतो.

हे सूत्रात बघितलं की खान्देशातल्या माणसाला जरा ऊब वाटावी असं काहीतरी दिसतं. कॅरिअरचा कोन 'क' आणि आवाजाचा कोन 'ख' धरा. पहिला मॉड्युलेटर साइन क × कॉस ख देतो, दुसरा कॉस क × साइन ख. त्यांची बेरीज :

साइन क × कॉस ख + कॉस क × साइन ख = साइन (क + ख)

आणि वजाबाकी :

साइन क × कॉस ख − कॉस क × साइन ख = साइन (क − ख)

बेरजेत फक्त वरचा साइडबँड, वजाबाकीत फक्त खालचा. हीच दोन सूत्रं भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीतल्या ज्योत्पत्तीत दिली आहेत (ज्या म्हणजे त्रिज्येच्या मापातला साइन, कोटिज्या म्हणजे तसाच कॉस) : दोन चापांच्या ज्या एकमेकींच्या कोटिज्यांनी गुणा, त्रिज्येने भागा, त्यांची बेरीज म्हणजे चापांच्या बेरजेची ज्या, त्यांचं अंतर म्हणजे चापांच्या अंतराची ज्या. सिद्धांतशिरोमणी ११५० सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा, म्हणजे भुसावळहून मुंबईकडच्या रेल्वेने गेलं तर दोन-तीन तासांच्या अंतरावरचा. आचार्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर विद्वान भांडोत. सूत्र मात्र नानांच्या डब्यात जसंच्या तसं बसलेलं आहे. दोन गुणक म्हणजे दोन मॉड्युलेटर, आणि अधिक-उणे म्हणजे एक स्विच. मी वर्गात ही सूत्रं शिकवतो तेव्हा मुलं 'याचा उपयोग काय' असं विचारतात. आता मी त्यांना नानांचं यंत्र दाखवतो.

पण सूत्र कागदावर बरोबर असतं तेव्हा त्यातले दोन ९० अंश नेमके ९० असतात आणि दोन्ही गुणाकार सारख्या मापाचे असतात. डब्यात तसं नसतं. म्हणून खरा प्रश्न असा : चूक किती झाली तर किती उरतं?

प्रत्येक मॉड्युलेटरच्या आत दोन्ही साइडबँड निम्मे-निम्मे असतात. पहिल्यात दोन्ही अधिक चिन्हाचे, दुसऱ्यात खालचा उणे चिन्हाचा. वजा करताना वरचे दोन एकमेकांना खातात, खालचे दोन मिळून पूर्ण होतात. आता दुसऱ्या वाटेत φ एवढा जास्तीचा कोन शिरला असं धरू. वरच्या साइडबँडचा कोन, म्हणजे क + ख, याला 'प' म्हणू. तर वरच्या बाजूला उरतं ते

साइन प − साइन (प + φ) = −२ × साइन (φ/२) × कॉस (प + φ/२)

आणि खालच्या, हव्या असलेल्या बाजूचं माप २ × कॉस (φ/२) भरतं. निम्मेपणा दोन्हीकडे सारखाच, तो भागाकारात उडून जातो. नको असलेलं भागिले हवं असलेलं म्हणजे टॅन (φ/२). एवढंच. एक अंशाची चूक असेल तर दाब, म्हणजे नको असलेला साइडबँड हव्या असलेल्याच्या किती खाली गेला ते, ४१ डेसिबेल मिळतो, दोन अंशांची असेल तर ३५, पाच अंशांची असेल तर २७. मापाची चूक याहून सोपी : दुसरी वाट पहिलीच्या ग पट असेल, तर उरतं ते (१ − ग) भागिले (१ + ग). एक टक्क्याच्या फरकाला ४६ डेसिबेल, पाच टक्क्यांच्या फरकाला ३२.

याच्या पुढची गोष्ट या प्रकरणात सगळ्यात कामाची ठरली. कोनाच्या चुकीतून उरलेला तुकडा कॉस प्रकारचा असतो, मापाच्या चुकीतून उरलेला साइन प्रकारचा. म्हणजे हे दोन तुकडे आपापसांत काटकोनात असतात आणि त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. मापाचं बटण फिरवून कोनाची चूक एक कणही कमी होत नाही. पूर्वेला दहा पावलं चुकलेला माणूस उत्तरेला कितीही चालला तरी पूर्वेची दहा पावलं तशीच राहतात.

नानांनी पुढच्या पॅनलवर 'ब्यॅलन्स' नावाचं एक पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) बसवलं होतं, ते मापाचं. रोज दुपारी ते तेच फिरवत बसायचे. तळ सापडायचा, पण तो तळच उंचावर होता.

मोजणीची सोय घरात होती तेवढ्यावर केली. अँटेना काढून डमी लोड (सिग्नल बाहेर न सोडता जिरवणारा रेझिस्टर), त्याच्यापुढे सिग्नल कमी करणारा चांगला दमदार अॅटेन्युएटर, आणि मग आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीवरचा छोटा रिसीव्हर, लॅपटॉपला. अॅटेन्युएटरशिवाय हे डोंगल जोडू नये. जोरकस सिग्नलने ते स्वतःच खोट्या रेघा काढतं आणि माणूस नसलेल्या चुका शोधत बसतो. माइकच्या जागी फोनमधलं टोन जनरेटरचं अॅप. १ किलोहर्ट्झचा सूर सोडला की वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या वारंवारितांच्या सरकत्या चित्रात, तीन रेघा दिसतात : ७०९९ वर जाड, ७१०० वर बारीक, ती उरलेल्या कॅरिअरची, आणि ७१०१ वर आपला आरोपी. स्पेक्ट्रमची सरासरी चालू केली की दोन टोकांतला फरक दशांशापर्यंत वाचता येतो. नानांच्या जुन्या ऑसिलोस्कोपवरही हे डोळ्यांना दिसत होतं. शुद्ध एका साइडबँडचा एन्व्हलप, म्हणजे लहरीचा बाहेरचा आकार, सपाट पट्ट्यासारखा असतो. त्याच्या कडा २ किलोहर्ट्झने लहरत होत्या, कारण दोन रेघांमधलं अंतर आवाजाच्या दुप्पट असतं.

सकाळी उन्हं चढायच्या आत १ किलोहर्ट्झवर दाब चाळिशीच्या वर होता. दुपारी पत्र्याच्या खोलीत, पंखा गरम हवा फिरवत असताना, तोच आकडा २०.४ वर आला. नानांनी सवयीने पॉट फिरवलं, सगळ्यात खोल जागा शोधली. आकडा २०.७ झाला. ०.३ डेसिबेलने काय साधणार, म्हणून नाना वैतागले. मला मात्र निदानाचं अर्धं काम तिथेच झालं असं वाटलं, आणि ते कसं ते सांगतो.

दर २० डेसिबेलला माप दहाव्या हिश्श्यावर येतं, म्हणून २०.४ डेसिबेल म्हणजे नको असलेलं हव्या असलेल्याच्या ०.०९५५ पट. २०.७ म्हणजे ०.०९२३ पट. पॉटने मापाची चूक शून्यावर आणली, म्हणून उरलेलं ०.०९२३ हे निव्वळ कोनाचं. दोन्हींच्या वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ ०.०२५ च्या आसपास येतं. ते मापाचं, म्हणजे साधारण पाच टक्क्यांचा फरक. ही पाच टक्क्यांची चूक खरीच होती आणि एकटी असती तर दाब ३२ डेसिबेलवर अडकला असता. पण मोठ्या चुकीच्या काटकोनात असल्यामुळे ती आकड्यात जेमतेम दिसत होती. आणि ०.०९२३ हा टॅन (φ/२) असेल, तर φ साडेदहा अंश. दुपारपर्यंत कुठेतरी साडेदहा अंश घुसले होते.

नानांचा संशय कॅरिअरच्या बाजूवर होता. ऑसिलेटर २८.४ मेगाहर्ट्झवर चालतो आणि ७४एसी७४ चिपमधले दोन फ्लिप-फ्लॉप त्याला चारने भागून ७.१ मेगाहर्ट्झच्या ९० अंश हटलेल्या दोन प्रती देतात. चिप गरम होते, विलंब बदलतो, म्हणून कोन बदलत असणार, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच चुकीचा नव्हता. ७.१ मेगाहर्ट्झचं एक आवर्तन १४१ नॅनोसेकंदांचं, म्हणजे एका नॅनोसेकंदाला अडीच अंश. पण साडेदहा अंशांसाठी दोन वाटांमध्ये चार नॅनोसेकंदांचा फरक पडायला हवा, आणि दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकाच सिलिकॉनवर, एकाच तापमानाला बसलेले. दोघांचा विलंब वाढला तर सारखाच वाढेल आणि फरकातून निघून जाईल.

तरी अंदाजावर सोडायचं नव्हतं. कॅरिअरच्या कोनात चूक असेल तर ती आवाजाच्या प्रत्येक सुराला सारखीच लागू होते, कारण कॅरिअरला आवाजाचा सूर कोणता हे माहीतच नसतं. चूक आवाजाच्या बाजूला असेल तर ती सुरागणिक बदलते. म्हणून पॉट न हलवता सूर बदलत गेलो. ३०० हर्ट्झवर दाब २८ डेसिबेल आला. ६०० वर २३. १००० वर २०.७. १५०० वर २० च्या काठावर, सगळ्यात वाईट. २५०० वर पुन्हा सुधारून २१. हे आकडे टॅनच्या सूत्रातून उलटे काढले की कोन मिळतात : ४.४, ७.९, १०.५, ११.३ आणि १०. सपाट रेघ नाही, टेकडी आहे. कॅरिअर सुटला.

आता आवाजाच्या बाजूत शिरू. तिथे ऑप-अॅम्पचे सहा ऑल-पास टप्पे, तीन एका वाटेत आणि तीन दुसऱ्या. ऑल-पास टप्पा हा मोठा सोयीचा प्राणी आहे : माप कधी बदलत नाही, फक्त कोन फिरवतो, आणि तो कोन २ × आर्कटॅन (सुराची वारंवारिता भागिले टप्प्याची वारंवारिता) एवढा असतो. टप्प्याची वारंवारिता एका रेझिस्टरने आणि एका कपॅसिटरने ठरते. ३०० ते ३००० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात दोन वाटांमधला फरक ९० अंश राहावा म्हणून सहा टप्पे साधारण ९४, ३१८, ६७५, १३४०, २८३० आणि ९५६० हर्ट्झवर ठेवलेले, एक आड एक दोन वाटांत वाटून. सगळीकडे कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा, रेझिस्टर वेगवेगळे.

कपॅसिटर थोडा घसरला तर त्या टप्प्याचा कोन किती हलतो? आर्कटॅनचं अवकलन करा, येतं २क्ष/(१ + क्ष²) गुणिले घसरण, जिथे क्ष म्हणजे सूर भागिले टप्पा. सूर टप्प्यावरच असला की हे सगळ्यात जास्त : दहा टक्के घसरणीला जवळजवळ पावणेसहा अंश. सूर टप्प्याच्या निम्मा किंवा दुप्पट असेल तर त्याच्या ८० टक्के, तिसरा हिस्सा किंवा तिप्पट असेल तर ६० टक्के. लॉग कागदावर ही सममित टेकडी होते. आमच्या टेकडीचा माथा दीड हजाराच्या आसपास होता. ३०० वरची उंची माथ्याच्या ३९ टक्के. सूत्रात माथा १४८० घातला तर ३०० ला ३९ टक्केच येतात. १४८० का, १३४० का नाही? कारण घसरण मोठी आहे, आणि मोठ्या घसरणीत माथा जुन्या आणि नव्या वारंवारितेच्या मधोमध, भूमितीय सरासरीवर, पडतो. १३४० आणि १६३४ यांची ती सरासरी १४८०. १३४० चा टप्पा १६३४ ला सरकला म्हणजे कपॅसिटर १८ टक्क्यांनी आटला.

यावर नानांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना सुचेल : "गरमी तर साऱ्यांनाच लागते. मग एकच कसा आटला?" खरं तर सगळे सारख्या टक्क्यांनी आटले असते तर आम्हाला इथे बसायचीच वेळ आली नसती. सहाही टप्पे एकाच पटीत सरकले, तर ९० अंशांचा पट्टा अख्खाच्या अख्खा सरकतो; दहा टक्के घसरणीला ३०० ते ३००० चा ३३३ ते ३३३३ होतो. मधल्या सुरांना कळतही नाही. या सर्किटला बदल सोसतो, फूट सोसत नाही.

म्हणून प्रश्न उष्णतेचा उरला नाही, वेगळेपणाचा झाला. डबा उघडून १३४० च्या टप्प्यापाशी भिंग धरलं. पाच कपॅसिटर हिरवट मायलरचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे, एका पिशवीतले, अंगावर २ए१०३जे. सहावा तपकिरी चपटी सिरॅमिक चकती, अंगावर १०३झेड. दोघांवर १०३, म्हणजे दोघेही १० नॅनोफॅरड. पण शेवटचं अक्षर वाचायला हवं. जे म्हणजे पाच टक्क्यांच्या आतला. झेड म्हणजे उणे २० ते अधिक ८० टक्के, आणि असं अक्षर असलेली चकती बहुधा वाय५व्ही किंवा झेड५यू जातीच्या मसाल्याची असते. वाय५व्हीच्या व्याख्येतच उणे ३० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अधिक २२ ते उणे ८२ टक्के बदल मान्य केलेला आहे. पुरवठ्याची रेषा शांत ठेवायला ती चांगली. कोन धरून ठेवायला निकामी.

नानांनी सांगितलं ते असं : बांधणी जानेवारीतली. एका मायलरचा पाय मुळाशी तुटला, हाताशी दुसरा नव्हता, जुन्या खोक्यातल्या चकत्या मीटरवर मोजून त्यातली एक निवडली. मीटरवर ती १०.० नॅनोफॅरड दाखवत होती, म्हणजे बाकी पाचांशी तंतोतंत जुळणारी. जानेवारीतल्या त्या खोलीत ती होतीही तेवढीच. मीटर त्या घटकेची किंमत सांगतो; चकती कशाची आहे ते सांगत नाही.

गणिताने नाव सांगितलं म्हणून लगेच डाग द्यायचा नाही, एवढं भान ठेवून आधी एक खातरजमा केली. एरवी संशयित भागाजवळ तापलेलं सोल्डरिंग आयर्न धरून बघतात. मेच्या दुपारी सगळंच तापलेलं, तिथे गार करून बघणं सोपं. डब्यातलं तापमान माणसाच्या बोटापेक्षा जास्त होतं, म्हणून नानांनी तर्जनी मटक्यातल्या पाण्यात बुडवली, पुसून कोरडी केली आणि चकतीवर अलगद टेकवली. वॉटरफॉलवर ७१०१ ची रेघ फिकट होत गेली. बोट काढलं, पुन्हा गडद झाली. शेजारच्या मायलरला तेच केलं, काहीही हललं नाही. बोटाच्या धारकतेने फसवणूक होत असेल का, हाही विचार करून झाला. बोटामुळे फार तर काही दहा पिकोफॅरड जोडले जातात, १० नॅनोफॅरडपुढे ते अर्धा टक्कासुद्धा नाहीत. १८ टक्क्यांचा खेळ त्याने होत नाही. बोटामुळे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झच्या गुणगुणीच्या रेघा आल्या खऱ्या, पण त्या ७१०१ पासून बऱ्याच लांब होत्या.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मी आधीच मायलरची एक पिशवी नेली होती. त्यातला एक, बाकी पाचांशी एक टक्क्यात जुळणारा निवडून, चकतीच्या जागी लागला. ज्यांना मायलर मिळत नसेल त्यांनी सिरॅमिकच हवा तर सी०जी जातीचा घ्यावा, ज्याला एनपी०ही म्हणतात. तो अंशाला दशलक्षात तीसच्या आत हलतो. एक्स७आर हा मधला माणूस आहे : चकतीपेक्षा खूप बरा, पण १५ टक्क्यांपर्यंत जायची मुभा त्यालाही आहे, म्हणून माझं मत विचाराल तर या सहा जागांवर तो नको.

त्याच दुपारी, त्याच तापलेल्या खोलीत, पॉट पुन्हा जागेवर आणून परत सगळे सूर चालवले. १ किलोहर्ट्झवर ४२. इतर सुरांवरही ३८ च्या खाली काही नाही. पाच वॅट पाठवले तर आधी नको त्या बाजूला ४५ मिलिवॅट जात होते, आता अर्ध्या मिलिवॅटच्याही आत.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कोन काढायची चटक लागली होती. नव्या आकड्यांतून उलटे कोन काढले तर सगळ्या सुरांवर पाऊण ते सव्वा अंश. टेकडी गेली होती, उरलं होतं ते जवळजवळ सपाट पठार. आणि सपाट म्हणजे कॅरिअरची बाजू. नानांचा पहिला संशय आता, साडेदहा अंश बाजूला झाल्यावर, एका अंशापुरता खरा ठरायला लागला. फ्लिप-फ्लॉपपासून दोन मॉड्युलेटरपर्यंत जाणाऱ्या बारीक कोअॅक्सच्या (जाळीने वेढलेल्या तारेच्या) दोन तुकड्यांना पट्टी लावली. एक दुसऱ्यापेक्षा सुमारे सात सेंटिमीटर लांब. मॉड्युलेटर मागेपुढे बसवल्यामुळे नानांनी लागेल तेवढी तार कापली होती. या कोअॅक्समध्ये सिग्नल मीटरला पाच नॅनोसेकंद घेतो. सात सेंटिमीटरला ०.३५, म्हणजे ०.९ अंश. आखूड तुकडा बदलून दोन्ही एका मापाचे केले, जास्तीची तार वेटोळं करून बांधली. १ किलोहर्ट्झवरचा आकडा पंचेचाळिशीच्या पुढे गेला, आणि तिथून पुढे डोंगलवर भरवसा ठेवायला मी तयार नाही.

ही पद्धत सगळ्यावर चालत नाही. ७१०० वर कॅरिअरची जी बारीक रेघ राहते ती या दोन चुकांतून येत नाही. ती प्रत्येक मॉड्युलेटरच्या स्वतःच्या असमतोलातून येते, आणि तिचे प्रीसेट वेगळे. तसंच ट्रान्समीटरचा पॉवर अॅम्प्लिफायर सरळ रेषेत चालत नसेल, तर तो दाबलेल्या साइडबँडच्या जागी स्वतःचा कचरा टाकतो. एकच सूर सोडून केलेल्या या मोजणीत तो फारसा दिसत नाही. त्याला दोन सुरांची चाचणी लागते.

पुढच्याच आठवड्यात ७१०३ वरच्या मंडळींनी दुपारी कान देऊन ऐकलं आणि नाना आहेत की नाहीत असं विचारलं. नानांचं लक्ष आता २० मीटरवर आहे. तिथे वरचा साइडबँड लागतो, म्हणजे वजाबाकीचा स्विच बेरजेवर. ऑसिलेटर ५६.८ मेगाहर्ट्झवर न्यावा लागेल, आणि १४.२ मेगाहर्ट्झला एक नॅनोसेकंद पाच अंशांचा होतो. त्यामुळे या वेळी मॉड्युलेटर शेजारी-शेजारी बसवून दोन्ही तारा आधीच पट्टीवर मोजून कापायच्या, असं त्यांनी ठरवलं आहे. ती तपकिरी चकती पुरवठ्याच्या रेषेवर लावून टाकली.